न उघडणारें सहपत्र

नोकरीच्या अर्जाची मुदत सायंकाळीं संपावयाची असते. अर्जदारानें आपलीं प्रमाणपत्रें ई-मेलला जोडून सकाळींच पाठविलेलीं असतात. दुपारीं कार्यालयाकडून उत्तर येतें, 'आपण जोडलेली फाईल उघडत नाहीं.' अर्जदार ती आपल्या संगणकावर उघडून पाहतो, तर ती बिनतक्रार उघडते. तो तीच फाईल पुनः पाठवितो. उत्तर पुनः तेंच. अर्जदाराला वाटतें, कीं कार्यालयांतील मनुष्याला यंत्र हाताळतां येत नाहीं. कार्यालयाला वाटतें, कीं अर्जदार निष्काळजी आहे. दोघेही खरें बोलत असतात, आणि दोघांच्या या वादांत मुदत मात्र टळून जाते. परगांवच्या डॉक्टरांकडे तपासणीचे कागद धाडणारीं कुटुंबें आणि छापखान्याकडे मजकूर पाठविणारे लेखक यांच्याही वांट्याला हाच प्रसंग येतो.

ई-मेलला जोडलेल्या फाइलीला आपण अटॅचमेंट म्हणतों. कागदी पत्रव्यवहारांत पत्राच्या तळाशीं 'सोबत' असें लिहून जे कागद जोडीत, त्यांना सहपत्र म्हणत. तोच शब्द मी येथें योजतों. हें सहपत्र कां उघडत नाहीं आणि त्यावर उपाय काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों. न उघडणारें सहपत्र बहुधा नासलेलें नसतें. आंतील माल जसाच्या तसा शाबूत असतो. घोटाळा झालेला असतो तो त्याच्या वेष्टनांत किंवा वेष्टनावरील नांवांत. म्हणूनच तीच फाईल त्याच रीतीनें पुनः पाठविल्यानें कांहींच साधत नाहीं. ज्या वेष्टनामुळें ती प्रथम अडली, त्याच वेष्टनांतून ती दुसऱ्यांदा येते आणि पुनः अडते.

मुळांत वेष्टनाची गरजच कां पडावी, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. ई-मेलची ने-आण ज्या नियमांनीं चालते, ते एसएमटीपी नांवाचे नियम जॉन पोस्टेल यांनीं ऑगस्ट १९८२ मध्यें लिहून काढले. त्या काळीं पत्र म्हणजे इंग्रजी मजकूर, एवढीच कल्पना होती. त्यामुळें ॲस्की नांवाच्या वर्णमालेंतील १२८ चिन्हें, आणि एका ओळींत जास्तींत जास्त १००० चिन्हें, एवढीच वाट मोकळी ठेवण्यांत आली. रोमन अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि यंत्राला द्यावयाच्या कांहीं खुणा यांतच तीं १२८ चिन्हें संपतात. देवनागरीचें एकही अक्षर त्यांत नाहीं. याच्या उलट छायाचित्राची, ध्वनिमुद्रणाची किंवा पीडीएफची फाईल ज्या बाइटांची बनलेली असते, त्यांतील प्रत्येक बाइटाला २५६ रूपें घेतां येतात. अर्थात् १२८ चिन्हांसाठीं बांधलेल्या वाटेनें ती फाईल सरळ जाऊं शकत नाहीं.

तेव्हां युक्ति काढण्यांत आली ती अशी, कीं फाइलीला मजकुराचा वेश चढवावयाचा, त्या वेशांत तिला पलीकडे न्यावयाचें, आणि तेथें वेश उतरून मूळ फाईल परत मिळवावयाची. मेरी ॲन हॉर्टन यांनीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९८० सालीं केलेला यूएन्कोड नांवाचा प्रोग्राम हेंच काम करीत असे. परंतु असा वेश चढविण्याच्या अनेक रीति निघाल्या, आणि एकाची रीत दुसऱ्याच्या यंत्राला ठाऊक नसे. हा गोंधळ मिटविण्यासाठीं नॅथनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनीं माइम नांवाची पद्धति आंखली. बोरेनस्टीन यांनीं ११ मार्च १९९२ रोजीं या पद्धतीनें सहपत्र जोडून एक पत्र धाडलें; ते ज्या गायकचौकडींत गात असत, तिचें छायाचित्र आणि तिच्या गाण्याचें ध्वनिमुद्रण त्या पत्रासोबत होतें. त्याच वर्षाच्या जूनमध्यें माइमचे नियम प्रसिद्ध झाले, आणि नोव्हेंबर १९९६ मध्यें त्यांची सुधारलेली आवृत्ति निघाली. आजही ई-मेल याच नियमांवर चालते.

माइमची योजना साधी आहे. कापडांत शिवून लाखेची मोहोर लावलेलें पार्सल डोळ्यांपुढें आणा. पत्राचे भाग कोठें सुरू होतात व कोठें संपतात, याच्या सीमारेषा प्रथम आंखल्या जातात. नंतर प्रत्येक भागावर एक चिठ्ठी लावली जाते. आंत चित्र आहे, पीडीएफ आहे कीं मजकूर आहे, फाइलीचें नांव काय आणि वेश कोणत्या रीतीनें चढविला आहे, हें त्या चिठ्ठीवर लिहिलेलें असतें. शेवटीं येतो तो वेश चढविलेला माल. वेश चढविण्याच्या ज्या रीतीनें बहुतेक सहपत्रें जातात, तिला बेस-६४ म्हणतात. फाइलीचे तीन बाइट घेतले म्हणजे २४ द्विअंकी स्थानें होतात. त्यांचे सहा सहा स्थानांचे चार गट पाडतात, आणि प्रत्येक गटाऐवजीं एक चिन्ह लिहितात. २६ मोठीं रोमन अक्षरें, २६ लहान, १० अंक, अधिकाचें चिन्ह आणि तिरकी रेघ, अशीं हीं ६४ चिन्हें होत. तीन बाइटांचीं चार चिन्हें झाल्यामुळें माल एकतृतीयांशानें फुगतो, ही गोष्टहि ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

चिठ्ठी बरोबर असेल आणि घेणाऱ्या प्रोग्रामला ती वाचतां येत असेल, तर सहपत्र कोणत्याही यंत्रावर निमूटपणें उघडतें. तसें झालें नाहीं, तर निदान सहज करतां येतें. कारण घोटाळ्याचे प्रकार मोजकेच आहेत.

सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे 'विनमेल.डॅट'. पाठविणारा शपथेवर सांगतो, कीं मी तीन पीडीएफ जोडल्या होत्या. घेणाऱ्याला मात्र त्यांच्या जागीं विनमेल.डॅट नांवाची एकच फाईल दिसते, आणि ती कशानेंही उघडत नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या प्रोग्रामांत पत्र लिहिण्याच्या तीन रीति आहेत: साधा मजकूर, एचटीएमएल आणि रिच टेक्स्ट. तिसरी रीत निवडली असेल, तर अक्षरांचा रंग, ठळकपणा, बैठकीचीं निमंत्रणें आणि जोडलेल्या फाइली, हें सारें आउटलुक एकाच गांठोड्यांत बांधतें. या गांठोड्याच्या पद्धतीला टीएनईएफ म्हणतात, आणि त्याच्या चिठ्ठीवर नांव असतें विनमेल.डॅट. पलीकडेही आउटलुक असेल, तर तें हें गांठोडें गुपचूप सोडतें, आणि कोणाला कांहीं कळतही नाहीं. म्हणूनच कार्यालयांतल्या कार्यालयांत पाठविलेलीं सहपत्रें नेहमीं उघडतात आणि बाहेरच्याला पाठविलेलीं अडतात. 'आमच्या इतर सर्वांना उघडलें, मग तुम्हांलाच कां उघडत नाहीं?' या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

येथें खरा उपाय पाठविणाऱ्याच्या हातीं आहे. क्लासिक आउटलुकमध्यें 'फाईल', मग 'ऑप्शन्स', मग 'मेल' येथें जावें. पत्र कोणत्या रीतीनें लिहावयाचें, हें तेथें विचारलेलें असतें. तेथें एचटीएमएल निवडावें. त्याच पानावर खालीं, रिच टेक्स्टमधील पत्र बाहेरच्या पत्त्यावर जातांना त्याचें काय करावयाचें, असाही एक प्रश्न आहे; तेथें 'एचटीएमएलमध्यें रूपांतर करा' हा पर्याय ठेवावा. एवढें करूनही एकाच मनुष्याला गांठोडें जात असेल, तर त्याच्या साठविलेल्या पत्त्यावर रिच टेक्स्टची खूण चिकटलेली असण्याचा संभव असतो. तो पत्ता काढून टाकून नव्यानें लिहावा. मोठ्या कार्यालयांत एक्स्चेंज नांवाचा सर्व्हर असतो. त्याच्या व्यवस्थापकाला बाहेरच्या पत्त्यांसाठीं टीएनईएफ समूळ बंद करतां येतें.

घेणाऱ्याला थांबण्यास वेळ नसेल, तर गांठोडें सोडणारे प्रोग्राम मिळतात. थंडरबर्डसाठीं लुकआउट नांवाची पुरवणी आहे, आणि लिनक्सवर टीएनईएफ याच नांवाची आज्ञा आहे. फाईल चढविल्याबरोबर ती सोडून देणारीं संकेतस्थळेंही आहेत. परंतु वैद्यकीय कागद, बँकेचे कागद किंवा ओळखपत्रें अशा परक्या ठिकाणीं चढवूं नयेत. विनमेल.डॅटचें नांव बदलून शेवटीं पीडीएफ लिहिल्यानें मात्र कांहीं होत नाहीं. गांठोड्याला दुसरें नांव दिल्यानें त्याची गांठ सुटत नाहीं.

दुसरा प्रकार नांवाचा आहे, आणि तो मराठी लोकांच्या विशेष परिचयाचा आहे. फाइलीला देवनागरी नांव दिलें, कीं तें त्या १२८ चिन्हांच्या वाटेनें नेण्यासाठीं त्याला निराळा वेश चढवावा लागतो. यासाठीं १९९७ सालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें 'अर्ज' एवढा शब्द लिहावयाचा, तर अ, र, हलन्ताची खूण आणि ज अशीं चार चिन्हें होतात; प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटासाठीं शेंकडेवारीचें चिन्ह व दोन अक्षरें, म्हणजे एकूण ३६ चिन्हें लागतात. कित्येक प्रोग्राम हा नियम सोडून, पत्राच्या विषयासाठीं असलेली दुसरी रीत नांवासाठींही वापरतात. घेणाऱ्या प्रोग्रामाला जी रीत येत नाहीं, ती वापरलेली असली, कीं नांवाऐवजीं बरोबरीच्या चिन्हानें व प्रश्नचिन्हानें सुरू होणारी निरर्थक ओळ दिसते, किंवा नांव अजिबात गळून 'एटीटी' या अक्षरांचें व पुढें आंकड्यांचें एखादें यांत्रिक नांव येतें. नांवाबरोबर त्याचें शेपूटही, म्हणजे टिंबानंतरचीं पीडीएफ किंवा डॉक्स हीं अक्षरेंही जातात. आणि संगणक तर या शेपटावरूनच कोणत्या प्रोग्रामानें फाईल उघडावी, हें ठरवितो.

या प्रकारांत माल पूर्ण शाबूत असतो, आणि येथें नांव बदलणें हाच योग्य उपाय होय. सहपत्र संगणकावर उतरवून घ्यावें, आणि तें पीडीएफ असल्याचें पाठविणाऱ्यानें सांगितलें असेल, तर नांवाच्या शेवटीं टिंब देऊन पीडीएफ लिहावें. विंडोजमध्यें हीं शेपटें बहुधा लपविलेलीं असतात. 'व्ह्यू' या यादींत तीं दाखविण्याची सोय आहे. पाठविणाऱ्याला विचारणें शक्य नसेल, तर ती फाईल नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रामांत उघडून तिचा आरंभ पाहावा. पीडीएफ फाईल शेंकडेवारीचें चिन्ह आणि पीडीएफ हीं तीन अक्षरें यांनीं सुरू होते. २००७ पासूनच्या वर्डच्या फाइली व झिप फाइली 'पीके' या दोन अक्षरांनीं सुरू होतात. झिप पद्धति निर्माण करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नांवाचीं तीं आद्याक्षरें होत. वर्डची नवी फाईल वस्तुतः झिपच असल्यामुळें तिच्यावर कधीं कधीं चुकून झिपचें नांव पडतें; तेथेंही शेपूट डॉक्स असें केलें, कीं ती उघडते.

तिसऱ्या प्रकारांत सहपत्र दिसतच नाहीं. पत्रांतच शेंकडो ओळी अर्थशून्य रोमन अक्षरें दिसतात. सीमारेषा किंवा चिठ्ठी वाटेंत तुटली, कीं बेस-६४ चा वेश उतरविण्यास कोणी उरत नाहीं आणि तो वेशच उघडा पडतो. त्या ओळी जे, व्ही, बी, ई, आर या अक्षरांनीं सुरू होत असतील, तर ती पीडीएफ आहे असें समजावें. जाणकाराला त्या ओळींतून फाईल परत काढतां येते. इतरांनीं पाठविणाऱ्याला ती झिपमध्यें घालून, जुनें पत्र पुढें न ढकलतां, नव्या पत्राला जोडून पाठविण्यास सांगावें.

कांहीं सहपत्रें तर उघडण्यासाठीं नसतातच. 'एसमाइम.पी७एस' नांवाची लहानशी फाईल ही पाठविणाऱ्याची डिजिटल सही असते. ती उघडली नाहीं म्हणून कांहीं अडत नाहीं. मॅकिंटॉशवर पूर्वीं एका फाइलीचे दोन भाग ठेवीत, आणि तेथून आलेल्या पत्रांत एका सहपत्राऐवजीं दोन दिसत. त्यांतील चिमुकलें उघडत नसे आणि मोठें उघडत असे. अशा वेळीं जें उघडतें तें घ्यावें आणि दुसरें सोडून द्यावें.

यानंतरचा प्रकार मेलचा नव्हेच, तरी दोष मेललाच दिला जातो. वेष्टन नीट सुटतें, नांवही बरोबर असतें. परंतु आंतील माल ज्या भाषेंत लिहिला आहे, ती भाषा घेणाऱ्याच्या यंत्राला येत नाहीं. २०१७ पासून आयफोन आपलीं छायाचित्रें एचईआयसी या स्वरूपांत ठेवूं लागला. तीं त्याच स्वरूपांत पाठविलीं, तर पुष्कळ संगणकांवर उघडत नाहींत. फोनच्या सेटिंग्जमध्यें 'कॅमेरा' व 'फॉरमॅट्स' येथें 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलें, कीं पुढील छायाचित्रें जेपीईजीमध्यें निघतात.

मराठी मजकुराची कथा याहून जुनी आहे. श्रीलिपि किंवा डीव्हीबी-टीटी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत देवनागरी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसविलेलें असे. ज्या संगणकावर तो टंक आहे, तेथें निमंत्रण सुरेख दिसे. जेथें तो नाहीं, तेथें तीच फाईल उघडून रोमन अक्षरांची खिचडी पुढें येई. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, आणि युनिकोडमध्यें लिहिलेला मजकूर या विकारापासून मुक्त असतो. जुन्या टंकांतील मजकूर पाठविण्याची वेळ आलीच, तर त्याची पीडीएफ करावी. टंक पीडीएफच्या पोटांतच घालतां येतो, आणि मग घेणाऱ्याजवळ तो नसला तरी चालतें.

शेवटचा प्रकार अर्धवट आलेल्या फाइलीचा. येथें मात्र माल खरोखरच तुटलेला असतो. पाठविणाऱ्याच्या फाइलीचा आकार आणि आपल्याकडे उतरलेल्या फाइलीचा आकार ताडून पाहावा. आपली फाईल लहान असेल किंवा शून्य बाइटांची असेल, तर ती पुनः उतरवून घ्यावी. तरीही फरक राहिला, तरच पुनः मागवावी. मोठ्या फाइलींबाबत मघांचा एकतृतीयांश फुगवटा विसरूं नये. १५ मेगाबाइटची फाईल वेश चढल्यावर २० मेगाबाइटहून थोडी अधिक होते, आणि घेणाऱ्याच्या सर्व्हरची मर्यादा आपल्याएवढीच असेल असें नाहीं. फार मोठी फाईल एखाद्या ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा पाठविणें बरें.

एवढे उपाय सांगितल्यावर एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. प्रत्येक न उघडणारें सहपत्र उघडलेंच पाहिजे असें नाहीं. मे २००० मध्यें 'लव्ह-लेटर-फॉर-यू' नांवाचें एक सहपत्र फिलिपिन्समधून निघून जगभर पसरलें. त्याच्या नांवांत टीएक्सटी हें निरुपद्रवी शेपूट दिसे. त्यापुढील व्हीबीएस हें खरें शेपूट विंडोज लपवून ठेवी. तें उघडणाऱ्याच्या फाइलींचा नाश करून, त्याच्या आउटलुकमधील सर्व पत्त्यांवर तें स्वतःच रवाना होत असे. म्हणूनच आज जीमेलसारख्या सेवा ईएक्सई किंवा व्हीबीएस जातीचीं सहपत्रें अडवितात. अनपेक्षित आलेलें, दोन शेपटांचें किंवा अनोळखी जातीचें सहपत्र अडलें, तर त्याला वाट करून देण्याची खटपट करूं नये. पाठविणारा ओळखीचा असेल, तर त्याला दूरध्वनीवर विचारावें. कारण वरील सहपत्र ओळखीच्यांच्याच नांवानें येत असे.

आतां सारांश सांगतों. पाठविणाऱ्यानें पत्र एचटीएमएल किंवा साध्या मजकुरांत लिहावें. फाइलीचें नांव रोमन अक्षरांत, आटोपशीर आणि शेपटासह ठेवावें. वाचण्यापुरती फाईल असेल तर पीडीएफ, चित्र असेल तर जेपीईजी पाठवावी. आणि काम महत्त्वाचें असेल, तर मुदतीच्या आदल्या दिवशीं आपल्याच दुसऱ्या एखाद्या पत्त्यावर, दुसऱ्या प्रोग्रामांत, ती उघडून पाहावी. घेणाऱ्यानें 'उघडत नाहीं' एवढ्या दोन शब्दांवर पत्र संपवूं नये. आपल्याकडे फाइलीचें नांव काय दिसतें, तिचा आकार किती आहे, आणि आपण कोणत्या प्रोग्रामांत ती पाहत आहों, हीं तीन वाक्यें त्यानें उत्तरांत लिहावीं. नांव विनमेल.डॅट असल्याचें कळतांच पाठविणाऱ्याला काय करावयाचें तें समजेल. नांव शेपटाविना असल्याचें कळतांच घेणाऱ्याला समजेल. आणि आकार कमी असल्याचें कळलें, तर फाईल पुनः पाठविणें हेंच खरें औषध आहे, हें दोघांनाही समजेल. हीं तीन वाक्यें दुपारीं लिहिलीं गेलीं, तर आरंभीं सांगितलेल्या अर्जदाराचा अर्ज सायंकाळच्या आंत वाचला जाईल.